काचेच्या अलीकडची खुर्ची

येथील मराठी मंडळाच्या जेवणात एका गृहस्थांनी सर्वांच्या देखत मला विचारले, "काय हो, यंदा कितवीत?" हसणारे हसले. उत्तर मी तेथेच दिले. परंतु तोंडी उत्तराला पुरावा राहत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहून ठेवतो.

मी अर्ज लिहिणारा माणूस आहे. पुण्यात तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसत असे. येथे परदेशात, न्यू लिन या उपनगरात, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसतो. घरमालक असो वा कौन्सिल, म्हणजे येथली नगरपालिका, कोणाशीही वाद पडला की मराठी माणसे माझ्याकडे येतात. मसुदा मी मराठीत करतो, मुलगी तो इंग्रजीत उतरवते. "बाबा, हीप्स लांब आहे हे," म्हणजे फारच लांब, असे ती दर वेळी म्हणते, आणि दर वेळी मी एकही ओळ कमी करू देत नाही. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी बोलता येते. इंग्रजी मजकूर मात्र ओळखीच्या शब्दांवरून ताडतो, आणि बहुधा बरोबर ताडतो.

माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ज्या मुलांना वाचणे जमत नाही त्यांना कसे शिकवावे, याचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम ती गेल्या वर्षी करीत होती. त्यात एक कसोटी असते. शिक्षिकेने एका खोलीत विद्यार्थ्याला घेऊन शिकवायचे. भिंतीत काच, आणि काचेपलीकडे अंधारात तिच्या सहाध्यायी व मार्गदर्शिका. त्यांना आपण दिसतो. आपल्याला काचेत आपलेच तोंड दिसते.

कसोटीच्या तोंडावर तिच्या विद्यार्थिनीचे कुटुंब घर बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओटाहुहुला, गेले. दुसरे मूल मिळवून पालकांची संमती घेण्याइतका वेळ उरला नव्हता. कसोटी चुकली की वर्ष गेले, आणि शाळेने अभ्यासासाठी कामात सवलत दिली होती ती त्याच वर्षापुरती. पत्नी घासून झालेले पातेले पुन्हा घासत राहिली. "संपलं," एवढेच म्हणाली.

मी नियमांची पुस्तिका मुलीकडून मोठ्याने वाचून घेतली.

"यात वय कुठे आहे?"

"कोणाचं?"

"विद्यार्थ्याचं."

तिने शोधले. वय नव्हते. 'वाचायला शिकणारी व्यक्ती' एवढेच होते.

"मी बसतो," मी पत्नीला म्हणालो.

"अहो, पण तुम्ही माझं ऐकणार का?"

"काचेसमोर ऐकीन. घरी आल्यावर बघू."

मार्गदर्शिकेशी फोनवर मीच बोललो. येथे आजवर लहान मुलेच आली आहेत, असे ती म्हणाली. आजवर काय झाले ते मी विचारीत नाही, नियमात वय दाखवा, असे मी म्हणालो. पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. मग ती हसली. "स्वीट ॲज," म्हणजे चालेल, असे म्हणाली. "या."

माझ्या अटी होत्या. मांजराचे चित्र असलेले पुस्तक वाचणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका माणसाचे कौन्सिलचे पत्र, नाव झाकून, वाचीन. आणि कोट घालून बसेन. "पायात त्या रबरी जँडल्स नसल्या म्हणजे झालं," पत्नी म्हणाली.

हेन्डरसन उपनगरातल्या त्या काचेच्या खोलीतील खुर्ची सहा वर्षांच्या मुलाच्या मापाची होती. गुडघे पोटाशी घेऊन मी बसलो. लांब शब्द आला की शेवट अंगठ्याने झाकावा आणि तुकड्यातुकड्याने वाचावा, असे पत्नीने प्रथम दाखवले. पत्र कुंपणालगतच्या झाडाविषयी होते. पहिली ओळ पार पडली. दुसरीत अडलो.

"समजलं," मी म्हणालो. "झाड तोडा म्हणतात."

पत्नीने त्या शब्दावर बोट ठेवले. "वाचा."

"सार सांगितलं ना."

घरी मी अडखळायच्या आत ही बाई पोळी लाटता लाटता शब्द सांगून मोकळी होते. येथे तिने बोट उचलून हात मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"सांग की," मी पुटपुटलो.

"नाही सांगणार," ती हसतमुखाने म्हणाली. हसू काचेसाठी होते.

उठून जावे असे वाटले. मी उठलो असतो तर तिचे वर्ष बुडाले असते, आणि काचेपलीकडच्यांना माझी पाठ दिसली असती. दोन्ही मला मंजूर नव्हते. साहेबलोकांनी मला आयुष्यभर दाराबाहेर ताटकळत ठेवले. माझ्यासाठी असे कोणी कधी थांबले नव्हते. मी शब्दाचा शेवट झाकला. पर. मि. शन. परमिशन.

मग ओळ पहिल्यापासून वाचली. परवानगीशिवाय झाड तोडता येणार नाही, असा मजकूर होता. मी वर पाहिले आणि काचेला इंग्रजीत सांगितले, "तोडायचे नाही. आधीचे विधान मी मागे घेतो." पलीकडून हसण्याचा आवाज आला. पत्नीने काही म्हणण्यापूर्वीच मी पुढची ओळ धरली, आणि पत्र शेवटच्या सहीपर्यंत नेले.

पत्नी उत्तीर्ण झाली. शेरा तिच्या थांबण्याबद्दल होता. माझ्या कोटाबद्दल काही नव्हते.

तेव्हा पंगतीतल्या त्या गृहस्थांना मी म्हणालो ते असे: "ज्या वर्गात बाई उत्तर सांगत नाहीत, त्या वर्गात आहे. तुम्हाला कौन्सिलचं पत्र आलं की घेऊन या. सार सांगणार नाही, वाचून दाखवीन."

ते अद्याप आलेले नाहीत. पत्र आले आहे, हे मला ठाऊक आहे.