मिशनच्या कॉलेजात माझी मुलाखत

"बाप क्या करता है? ठीक से लिखा ही नहीं."

प्राचार्यांनी माझा अर्ज टेबलावरून परत सरकवला. मी लिहिलं होतं, 'कारखान्यात नोकरी.' बाबा माझ्या मागे उभे होते. बाजूची खुर्ची रिकामी. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

"सफाई में हूँ, साहब. खमरिया की फैक्टरी में," बाबाच बोलले.

समोर बसलेल्या तिघांनी हसू दाबलं.

जबलपुरातलं मिशनचं लॉ कॉलेज. आम्हीही ख्रिस्तीच. आजोबा जात विदर्भातच सोडून आले, असं घरात सांगत. ख्रिस्ती म्हणून दलितांची सरकारी सवलत आम्हाला नव्हती. ख्रिस्ती मुलांसाठी राखलेली ही जागा तरी मिळेल, एवढीच आशा. मार्क चांगले होते. ते कोणी विचारलेच नाहीत.

"वकालत में खानदान देखते हैं, बेटी. तेरे पास मुवक्किल कौन आएगा?" प्राचार्यांनी दुसरा फॉर्म काढला. "हमारे अस्पताल में नर्सिंग कर ले. सेवा का काम है. तुम लोगों को आदत है."

तुम लोग. दर रविवारी हे साहेब आमच्याच चर्चमध्ये गुडघे टेकत.

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात जोडले. "जी साहब. नर्सिंग ही लिख दीजिए."

साहेबांचं बोलणं मी सोसलं असतं. बाबांचे ते हात नाही सोसले.

"मैं नहीं भरूँगी," मी म्हणाले. माझी सर्टिफिकेटं उचलली अन् बाहेर आले.

बसस्टॉपवर बाबा चिडले. "काहून बोलली तू? मोठी माणसं आहेत ते."

"अन् तुम्ही हात काहून जोडले, बाबा?"

बाबा म्हणाले, "मले दुसरं येतच नाही, बाई." अन् भर रस्त्यात, लोकांसमोर, माझा बाप रडला. मला त्यांना जवळ घेता आलं नाही. अजून सलते ती गोष्ट.

मी सरकारी कॉलेजातून वकील झाले. बाबा तोवर गेले होते.

कॉलेजातल्या ख्रिस्ती राखीव जागा आमच्यासारख्यांच्या मुलांना का मिळत नाहीत, असा अर्ज मी त्या मिशनविरुद्ध कोर्टात टाकला आहे. चर्चच्या मंडळीतल्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. आई म्हणते, मागे घे. तारखा नुसत्या पडत राहतात, सुनावणी होत नाही. मी एकही तारीख चुकवली नाही. चुकवणारही नाही.