दुसऱ्या ड्रमची पट्टी

माझ्या मावशीला सगळं हॉस्पिटल ‘वाफेवाल्या बाई’ म्हणतं. ऑपरेशनची हत्यारं आणि कपडे वाफेवर निर्जंतुक करायचं काम ती करते. ही गोष्ट घडली तेव्हा तिला या कामात चौदा वर्षं झाली होती, तीही तात्पुरत्या नेमणुकीवर. त्या खोलीत उन्हाळा बाराही महिने मुक्कामाला असतो. मशीनपाशी उभी राहून ती चर्चमधली गाणी गुणगुणते. आवाज असा, की देव ते खरंच ऐकत असेल तर त्याच्या सहनशीलतेला दंडवत. मी तिथेच कापडांच्या घड्या घालते. चर्चलाही तिच्याबरोबर जायचे, पण खरं सांगायचं तर तिच्या धाकाने.

त्या वर्षी तिला कायम करायचं घाटत होतं. कायम झाली की अंथरुणाला खिळलेल्या तिच्या नवऱ्याचे, म्हणजे माझ्या काकांचे उपचार हॉस्पिटलच करणार होतं. “शुक्रवारी अर्ज वर पाठवतेय, तोवर एकही तक्रार नको,” असं इन्चार्ज सिस्टरनी बजावलं होतं. आणि बुधवारी सकाळी घोळ झाला.

आमच्याकडे पद्धत अशी: हत्यारं-कपडे भरलेला ड्रम मशीनमध्ये लावताना सोबत कापडाचं एक छोटं गाठोडं ठेवायचं आणि त्याच्या पोटात कागदाची पट्टी. वाफ आतपर्यंत पोचली की पट्टी काळी होते. ती रजिस्टरमध्ये त्या ड्रमच्या नंबरापुढे चिकटवायची, मगच ड्रम ऑपरेशन थिएटरला न्यायचा. त्या दिवशी दोन ड्रम एकामागून एक काढले आणि दोन्ही गाठोडी शेवटी उघडली. पहिल्यात दोन पट्ट्या, एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्यात एकही नाही. ड्रम पुन्हा लावायचा म्हणजे ऑपरेशन लांबणार आणि तक्रार होणार. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

“त्यात काय एवढं?” मी म्हटलं. “जास्तीची पट्टी आहेच की काळी झालेली. लाव दुसऱ्या नंबरापुढे. मशीन तेच, वाफ तीच.”

“पण या ड्रमच्या आत वाफ पोचली की नाही, कसं सांगायचं?”

“चौदा वर्षांत कधी पोचली नाही? काकांचा तरी विचार कर.”

काकांचं नाव मी काढायला नको होतं. तिने जास्तीची पट्टी सोडवून घेतली. मग डिंक लावून चिकटवली आणि ट्रॉली ढकलत निघाली. माझा जीव भांड्यात पडला.

दोनच मिनिटांत ट्रॉली परत! मावशी घामाघूम.

“काय झालं?”

“चालताना प्रार्थना म्हणायची सवय आहे ना मला. ‘मोहापासून सांभाळ’ म्हणायला गेले आणि शब्दच फुटेना. हाताने मोह ढकलत न्यायचा आणि प्रभूला म्हणायचं सांभाळ!”

“म्हणजे आता हात दाखवून अवलक्षण करणार तू?”

“भीती वाटतेय गं. काकांचं काय होईल, काही कळत नाही. पण तिकडे टेबलावर झोपणाराही कुणाचा तरी काका असेलच की. आजवर प्रभूनेच निभावलंय, पुढचंही तोच बघेल.”

तिने चिकटवलेली पट्टी स्वतः ओरबाडून काढली आणि थिएटरला फोन केला. मोठ्या डॉक्टरांचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. ऑपरेशन दोन तास पुढे गेलं. ड्रम पुन्हा लावला, पट्टी छान काळी झाली.

“बघ! म्हणजे पहिल्यांदाही ठीकच असणार.”

“असेल,” ती म्हणाली. बस्स, एवढंच. मला रागाने रडू आलं.

दुपारी सिस्टर आल्या. रजिस्टरमधला फाटका कागद बघून म्हणाल्या, “इथे पट्टी लावायची अक्कल कुणाची?”

“लावली मी,” मावशी म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं, आणि मी सुटले होते. मी घड्यांमध्ये मान घालून उभी. मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त तिचे ओठ हलत होते. ती कुणासाठी प्रार्थना करतेय, ते मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मीही मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, एवढं एक वाक्य बोलायचं बळ दे.

“अक्कल माझी, सिस्टर. मावशी नकोच म्हणत होती.”

सिस्टरनी रजिस्टर मिटलं. मग मावशीकडे वळल्या. “आणि हिला मी याच खोलीत ठेवायचं? तुम्ही ठेवाल हिच्यावर विश्वास?”

त्या वर्षीची जागा हातची गेली. पुढच्या वर्षी याच सिस्टरनी मावशीचं नाव लावून धरलं, ती कायम झाली, काकांचे उपचार सुरू झाले. आता ते काठी टेकत दारापर्यंत येतात. पण मावशीने त्या दुपारी दिलेलं उत्तर मी अजून विसरलेले नाही.

“ठेवीन की,” ती म्हणाली. “ही जागच्या जागी खरं बोलली, सिस्टर. मला पन्नास पावलं लागली.”