कमी विजेवर ऐकलेली तबकडी

जाझ आणि रॉकवर मी पुढं मुंबईच्या वर्तमानपत्रांत आयुष्यभर लिहिलं, पण सुरुवात झाली ती पारनेरच्या दोन खोल्यांत. सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं होती. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि पुण्याच्या एका साप्ताहिकात पाश्चात्त्य संगीतावर सदर लिहायचो. संपादक तबकड्या एसटीनं धाडायचे, मी लेख एसटीनंच पाठवायचो. सकाळच्या पुणे गाडीच्या कंडक्टरकडं पाकीट दिलं की दुपारच्या आत शिवाजीनगरला त्यांचा माणूस ते घ्यायचा. गावाच्या लेखी हे मास्तरांचं खूळ. "मास्तर, ते भांडी आपटल्यावानी काय लावता वो?" असं कुणी विचारलं की मी भडकायचो. डोकं गरमच होतं माझं.

पारनेरच्या विजेचा काही भरवसा नव्हता. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडायचे आणि माझा रेकॉर्ड प्लेअर धापा टाकायचा. म्हणून मी तबकडीच्या मधल्या कागदावर खडूची खूण करायचो आणि घड्याळ लावून फेरे मोजायचो. मिनिटाला तेहतीस भरले तर ऐकायचं, नाही तर बंद. हा नेम मी कधी मोडला नव्हता.

त्या आठवड्यात घड्याळ दुरुस्तीला नगरला गेलं होतं. त्यात हेडमास्तरांशी कडाक्याचं भांडण करून संध्याकाळी घरी आलो. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या चौघांची पहिलीच तबकडी आली होती. लावली. सगळं जड, ओढून आणल्यासारखं. सॅक्सोफोन जांभया देतोय, ड्रमवाला प्रत्येक ठोक्याला मागं पडतोय. मी फेरे मोजले नाहीत, दिव्याकडं बघितलंही नाही. दिवसभराचा राग कागदावर ओतला. 'ड्रमवाल्याला आधी कुणी तरी झोपेतून उठवा,' असं शेवटचं वाक्य लिहिलं आणि स्वतःवरच खूश झालो. सकाळी पाकीट कंडक्टरच्या हवाली केलं.

परत आलो तर बायकोनं झाडता झाडता तीच तबकडी लावलेली. ती हसत म्हणाली, "अहो, ही कालचीच का? आज तर लई पळतीया की!"

खरंच पळत होती. चौघं जीव तोडून वाजवत होते आणि ड्रमवाला, अरे देवा, तो तर सगळ्यांना पुढं ओढून नेत होता. मी कसंबसं तिला सगळं सांगितलं.

"मग हुबं काय राह्यलात? फोन करा," ती म्हणाली. "शाळा गेली खड्ड्यात."

पोस्टात जाऊन अर्जंट ट्रंक कॉल नोंदवला. अंक संध्याकाळी छपाईला जायचा. नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला. पोस्टमास्तर दर वेळी म्हणायचे, "बसा मास्तर, शिरूरच्या फुडं लाईन सरकंना." मी बाकावरून उठायचो, दारापर्यंत जायचो, पुन्हा बसायचो. शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्या आधी एका म्हाताऱ्याचा नंबर होता. त्याची लेक बाळंतपणाला पुण्यात दवाखान्यात होती. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "कोन लई आजारी हाय का, मास्तर? तुमी घ्या आदी." मी नको म्हणालो नाही.

अडीचच्या सुमारास घंटी वाजली. मी तोंड उघडायच्या आत संपादक ओरडले, "मास्तर, काय लिहिलंय हो! आख्खं कार्यालय हसतंय. पहिल्या पानावर घेतोय. आणि ऐका, मुंबईहून एक संपादक आलेत, समोरच बसलेत. हा माणूस कोण, म्हणून विचारतायत. बोला, फोन कशाला केलात?"

कॉलच्या तीन मिनिटांतली दोन सरत आली होती. माझं चुकलं, ते छापू नका, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द अगदी जिभेवर होते. पण मग पिवळ्या दिव्याखाली बसून जाझची परीक्षा करणारा खुळा मास्तर, एवढाच मी त्या दोघांपुढं उरलो असतो.

"पाकीट पोचलं का, तेवढंच विचारायचं होतं," मी म्हणालो.

फोन ठेवला तर म्हातारा शेजारीच उभा. "बरं हाय ना समदं?" मी मान हलवली आणि बाहेर पडलो. घरी सांगितलं, लाईन लागलीच नाही. बायको म्हणाली, "जाऊ द्या, तुमी तरी काय करनार."

वर्षाच्या आत मला मुंबईहून बोलावणं आलं. त्या एका लेखावर.

पुष्कळ वर्षांनी एका कार्यक्रमानंतर त्या चौघांतला सॅक्सोफोनवाला समोर आला. केस पांढरे झालेले. मला वाटलं आता हा शिव्या घालणार, आणि खरं सांगतो, घालाव्यात असंच वाटलं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमचे उपकार आहेत आमच्यावर," तो म्हणाला. "रोज त्या ड्रमवाल्याबरोबर वाजवून आमच्या कानांना सवय झालेली. तो मागं पडतो, हे आम्हाला कधी कळलंच नाही. एकानं तुमचं वाचून दाखवलं आणि आम्ही दुसऱ्याच आठवड्यात त्याला काढलं."

"तो काय करतो आता?"

"कुणास ठाऊक. सांगत होता बिचारा, मी बरोबर वाजवतो म्हणून. मग वाजवणंच सोडलं त्यानं."

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात सोडवून घेतला, आणि तेव्हाही त्याला खरं सांगितलं नाही.