वासूसाठी लावलेला कौल

“देव सांगता, देव सांगता! चेडू थंय दुसऱ्यांदा बाळंत होवक इलाहा, आणि बापूस हंय देवाचा नाव घेऊन बसलोहा! देवाक दुसरो धंदो नाय?”

सुमतीवहिनी ओरडत होती. स्वयंपाकघरातून ओरडत आली, अंगणापर्यंत गेली आणि ओरडतच परत आली. सर्वणच्या त्या वाड्यावर शेजारच्या म्हशीही रवंथ थांबवून ऐकत होत्या. तिचा नवरा वासू, माझा लहानपणापासूनचा मित्र, ओट्यावर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. समोर मी. माझ्या हातात चहाची बशी.

मग ती माझ्याकडे वळली. “भावजी, तुमी तरी सांगा ह्यांका! साऱ्या जगाक गजाली सांगत फिरतात, हंय येऊन जीभ झडली?”

जीभ झडली नव्हती. जिभेवर नऊ वर्षांचं काहीतरी येऊन बसलं होतं — आणि ते मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही. तीन घोट पोटात गेल्यावरसुद्धा नाही.

मला ओळखणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. शंभूनं न सांगितलेली गोष्ट? धारगळला हायवेवर माझी टॅक्सी उभी असते, आणि तिच्या बॉनेटला टेकून मी जे जे सांगितलंय त्याला गणती नाही. बिबट्यानं माझ्या गाडीला साइड दिली. हरमलच्या किनाऱ्यावर मी देवमाशाला ढकलून पाण्यात परत पाठवलं. लोक ऐकतात, हसतात, चहाचे पैसे देतात. मला पेडण्यापासून डिचोलीपर्यंत ‘फटकिरो’ म्हणतात, म्हणजे थापाड्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. थापेनं कुणाचं काय जातं?

बघा, सुरुवातच अशी केली. स्वतःला आधीच सूट देऊन टाकली. थांबतो. सरळ सांगायचा प्रयत्न करतो.

माझी सगळ्यात मोठी थाप कोलंबोची. तरुणपणी दोन वर्षं मी वास्कोला होतो. गावात सांगितलं, जहाजावर होतो. खरं म्हणजे बंदराजवळच्या एका खानावळीत ताटं धूत होतो. खलाशी जेवायला येत, बोलत, आणि मी ऐकत असे. त्या ऐकलेल्यावर मी वीस वर्षं काढली — कोलंबोचं बंदर, तिथले हत्ती, नारळाएवढे खेकडे, माझ्यावर जीव टाकणारी एक चहाच्या मळ्यातली बाई. तिचं तर मी नावसुद्धा ठेवलं होतं.

मग वासूची खाण बंद पडली. तो खाणीवर ट्रक मोजायच्या काट्यावर बसायचा. काम गेल्यावर करणार काय? पोफळीचं कुळागर होतं, चार माड, थोडी शेती. उरलेल्या वेळात तो माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसू लागला. आणि मागच्या सीटवर कोण? हरमल-मांद्र्याला येणारे, पाठीवर घर घेऊन फिरणारे गोरे पोरगे. महिनोन् महिने फिरतात आणि खिशात काही नसतं. वासूला ते कोडंच पडलं. तो त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायचा — झोपता कुठं? जेवता काय? रात्रीची गाडी धरली की खोलीचं भाडं वाचतं, हे त्याला त्यांनीच सांगितलं. लंकेत तीनचाकी भाड्यानं मिळते, परवाना काढून आपणच चालवायची आणि बेटाच्या कडेकडेनं हिंडायचं, हेही त्यांनीच. मी गाडी चालवायचो, वासू शिकायचा. दोन वर्षांत त्याच्या डोक्यात अख्खी लंका तयार झाली. कागद नाही, काही नाही. कुठल्या गावात कुठल्या गल्लीत स्वस्त राईस-करी, कुठं समुद्र सोडून डोंगर चढायचा, कुठला घाट अंधार पडायच्या आत उतरायचा.

एके दिवशी चहाच्या गाड्यावर तो म्हणाला, आपण जाऊया. आपण चौघं — तो, मी, ट्रकवाला शाणू आणि तेलाच्या दुकानाचा पुंडलिक. वास्कोहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमान, मग तीनचाकी. सोबत छोटा कुकर, उकडे तांदूळ, सुके बांगडे. शाणू आणि पुंडलिक उडालेच. आणि साहजिकच दोघंही माझ्याकडे वळले. कोलंबो बघितलेला माणूस कोण? मी!

मी सुरू झालो. बंदरातून उत्तरेला निघायचं, म्हटलं, की संध्याकाळी गाल नावाचं शहर येतं.

“गाल दक्षिणेक,” वासू म्हणाला. सहज. चहात पाव बुडवता बुडवता.

शाणू इतका हसला की बाकड्यावरून पडला. — नाही, पडला नाही. हसला मात्र. पुंडलिकही हसला. इतकंच. माणसं रोज हसतात माझ्यावर, पण ते मी हसवतो तेव्हा.

तरी ते मी गिळलं असतं. खरं कारण दुसरंच आहे, आणि ते सांगायला मला आत्तासुद्धा जड जातंय. त्याच संध्याकाळी गाडीत आम्ही दोघंच होतो. वासू रस्त्याकडे बघत हळूच हसला आणि म्हणाला, “शंभू, तू कोलंबोक कधी गेलेलंसच नाय मरे? असांदे. मी कोणाक सांगूचंय नाय.”

सांगणार नाही, म्हणाला. आणि सांगितलं नसतंच. तो तसलाच आहे. मग मला राग कसला आला? आपलं खोटं ज्याला माहीत आहे आणि जो ते प्रेमानं झाकतोय — अशा माणसाच्या मांडीला मांडी लावून तीनचाकीत आठवडाभर? मी थाप मारायची, आणि त्यानं समजून घेऊन खाली बघायचं? अपमान मला सोसला असता. ती दया सोसेना.

तिकिटं काढायचा दिवस ठरला आणि वासूच्या आईनं पाय रोवले. एकुलता मुलगा समुद्रापलीकडे पाठवायचा तर आधी देवाला विचारायचं. आमच्याकडे हे नवीन नाही. लग्न असो, विहीर असो, देवळात जाऊन कौल घ्यायचा. पुजारी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. पण नेमका वासूचा चुलता वारला, त्यांना सुतक लागलं, देवळाची पायरी चढता येईना. तिकिटं तर थांबणार नव्हती. म्हातारी म्हणाली, “सुतक आमका, देवाक नाय. शंभू जाऊन विचारीत.”

शंभू गेला.

सकाळची वेळ. देवळात पुजारी आणि मी, तिसरं कुणी नाही. मी वासूचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, लंकेचं सांगितलं. पुजाऱ्यानं पाकळ्या लावल्या. मी हात जोडून उभा होतो, आणि मनात काय मागत होतो ते तुम्हाला कळलंच असेल. डावी पड. डावी पड.

उजवी पाकळी अशी उडाली की जणू देवानं आतून टिचकी मारली — नाही. इथं तरी वाढवून सांगायचं नाही. ती हळूच सुटली, घसरली आणि खाली पडली. उजवी. डावी जागच्या जागी चिकटून. “खुशाल जाऊ दे,” पुजारी म्हणाला आणि माझ्या हातावर तीर्थ दिलं. मी ते प्यायलो.

देवळापासून सर्वणपर्यंत मी गाडी इतकी हळू चालवली की मागचे टेंपोवाले शिव्या देऊन पुढे गेले. म्हणजे मला वेळ होता. रागाच्या भरात तोंडातून निसटलं, असं मला म्हणता येणार नाही. वासू अंगणात उभाच होता. मी काच खाली केली.

“डावी पडली रे,” मी सांगितलं. वर आणखी घातलं — माझी ती सवय — की पुजारी म्हणाला, समुद्र ओलांडणं ह्या माणसाला धार्जिणं नाही.

हे शेवटचं घालायची काय गरज होती? नुसतं ‘डावी’ म्हटलं असतं तर एक सहल बुडाली असती. पण माझी थाप कधी नुसती राहत नाही. तिला शेपूट लागतं.

वासूनं गाडीच्या छतावर हात ठेवला. मग म्हणाला, तुम्ही तिघं जा. आणि त्यानं मला उन्हात उभं करून सगळी लंका पुन्हा एकदा समजावली.

आम्ही गेलो. तो आम्हाला सोडायला वास्कोच्या स्टेशनवर आला, सुमतीवहिनीनं बांधलेल्या पोळ्या घेऊन. लंकेत सगळं तो म्हणाला तसंच निघालं. समुद्राच्या कडेचा रस्ता, ती गल्ली, तो घाट. पहिले दोन दिवस शाणू आणि पुंडलिक म्हणायचे, “वासूनं सांगितलेलं.” तिसऱ्या दिवसापासून मी म्हणू लागलो, “मी सांगितलं नव्हतं?” परत आल्यावर ती सहल माझी झाली. माझा बेत, माझा रस्ता, माझा हिशोबीपणा. वासू ऐकायला बसायचा. हसायच्या जागी हसायचा. नको तिथं काही बोलायचा नाही.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

त्याची मुलगी दीपा लग्न होऊन मस्कतला गेली. पहिल्या बाळंतपणाला तिनं आईबाप दोघांची तिकिटं पाठवली. वासू नाही म्हणाला. समुद्रापार जायचं नाही, देवानं स्पष्ट सांगितलंय, मी गेलो आणि पोरीला काही झालं तर? आपल्या जिवाची नाही हो, त्याला तिच्या जिवाची भीती! वहिनी एकटी गेली, कधी विमानात न बसलेली बाई. दीपाची तब्येत बिघडली, तिला आठवडेच्या आठवडे इस्पितळात ठेवलं. तिथून तिनं मला फोन केला. मला. “शंभूकाका, तुमचं ऐकतात बाबा. एवढं सांगा, मला ते हवेत.”

एका वाक्याचं काम होतं. फोन कानाला होता, वासू त्याच्या माडांना पाणी घालत असणार, गाडी काढली असती तर अर्ध्या तासात पोचलो असतो.

मी तिला म्हणालो, “बाळा, देवापुढे मी काय सांगणार?”

त्या पोरीला मी खांद्यावर घेऊन जत्रेला नेलेलं. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ती सुधारली, मुलगाही चांगला झाला, पण तेव्हापासून ती फोन करते तो आईला. बाबांना विचारते ती तब्येत — लांबच्या नातलगाला विचारावी तशी. वासू फोनच्या जवळपास घुटमळत राहतो, नातवाचा आवाज येतो का बघतो. मी हे बघितलंय. बघून घरी गेलोय, जेवलोय, झोपलोय.

आता तिचं दुसरं बाळंतपण. ह्या वेळी तिनं परत एकदा दोन तिकिटं पाठवली होती, आईला म्हणाली होती, शेवटचं विचारतेय. म्हणून वहिनी ओरडत होती.

ती ओरडून थकली आणि आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज येत होता. मी बशी खाली ठेवली आणि वासूला सांगितलं. सगळं. पाकळी उजवी पडली होती. पुजारी खुशाल जा म्हणाला होता. समुद्र धार्जिणा नाही हे माझं. दीपाचा फोनही सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशी घडली तशी, हात न हलवता, आवाज न चढवता सांगितली.

वासूनं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून हसला — तेच हसणं, गाडीतल्या त्या संध्याकाळचं, समजून घेणारं — आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माका धाडूसाठी सांगतंस, माका समाजता,” तो म्हणाला. “पण देवाच्या नावान थापा मारू नको.”