तीन चमचे साखर

"हिला टाइप वन डायबेटिस आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. गोळ्यांनी भागणार नाही. रोज इंजेक्शनं, आयुष्यभर." साखर मोजायच्या मशीननं आकडा दाखवलाच नव्हता, नुसतं 'हाय' असं आलं होतं. अमरावतीच्या त्या दवाखान्यात पलंगावर पडलेली माझी भाची कल्याणी, वय अकरा, डोळे न उघडताच म्हणाली, "मंग खरा आकडा किती, ते कसं समजन?"

त्याच्या तीन महिने आधी तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, गेली होती. भाऊजींची पातूरजवळ फुलशेती. पहाटे फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात जाणारा माणूस एकट्यानं पोरीकडे कसं बघणार? मी तिला माझ्याकडे अमरावतीला आणलं.

इथे आल्यापासून ती घटाघटा पाणी प्यायची. वाळत चालली होती. अंथरूण ओलं व्हायला लागलं. "आईचं मनाला लावून घेतलंय," असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. तुमच्या घरातलं लेकरू असं पाणी पीत असेल, तर घरात दुःख असो वा नसो, आधी बोटातलं रक्त तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते तीन आठवडे केलं नाही.

पाच दिवस दवाखान्यात काढले. सलाइन, दर तासाला रक्त, बाहेरच्या बाकावर वाट बघणं. तिसऱ्या दिवशी कल्याणीनं आकडे लिहायला वही मागितली. पाचव्या दिवशी तिनं डॉक्टरांना सांगितलं, की पोळीपेक्षा ज्वारीच्या भाकरीनं तिची शुगर कमी चढते. डॉक्टर वही घेऊन सिस्टरना दाखवायला गेले. शाळेत मात्र तिच्या शेजारी कोणी बसत नसे. ती 'मला'ऐवजी 'मले' म्हणायची आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची. पोरी यातलं एकही माफ करत नाहीत.

घरी सोडताना डॉक्टरांनी 'हायपो' समजावून सांगितला. इन्सुलिन जास्त पडलं किंवा जेवण कमी झालं, की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, मग बेशुद्धी. शुद्धीवर आहे तोवर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, तो प्रसंग आला. तिचे हात थरथरत होते. आकडा बावन्न. मी साखरपाणी तोंडाला लावलं, तर तिनं दात आवळले. मी चुचकारलं, रागावले, शेवटी दोन्ही गाल दाबले. पाणी फ्रॉकवर सांडलं. मान कलायला लागली तशी मी तिला ऑटोत घातली आणि दवाखाना गाठला. सिस्टरनी शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि पोरगी पाच मिनिटांत उठून बसली.

"साखर का घेतली नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"माया नेम हाये. मावशीनंच सांगतलं होतं."

तेरवीच्या दिवशी मीच म्हणाले होते, गेलेल्या माणसाला आवडायचं ते काहीतरी वर्षभर सोडायचं असतं. तिच्या आईला गोड आवडायचं. बोलून मी विसरले होते. पुढे डॉक्टरांनीच गोड बंद सांगितलं, त्यामुळे तो नेम कोणाच्या लक्षातच आला नाही.

"ही साखर नाही, औषध समज," डॉक्टर म्हणाले.

"साखर हाये ते. तुमीच म्हणता, तीन चमचे."

मला भीतीनं काही सुचेना. पुढचा हायपो कधीही येणार होता, शाळेतसुद्धा, आणि ही पोरगी तोंड उघडणार नव्हती. मी भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "लेकराचा नेम घरचं मोठं माणूस पुरा करते. आमच्याकडे चालते. तिले फोन दे."

कल्याणीनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू घेशीन? पण उरलेले दिवस नाही चालणार. पुरं वरीस, पयल्यापासून."

मी हो म्हणाले. मला चहात दोन चमचे साखर लागते; लागायची.

पुढचा हायपो बारा दिवसांनी आला. आकडा अठ्ठावन्न. तिनं स्वतः डबा उघडला आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायली. मी हुश्श करते न करते, तोच ती रडायला लागली. आईच्या तेरवीला न रडलेली पोर हमसून हमसून रडली. मला वाटलं, शुगर अजून चढली नाही. पुन्हा तपासली, ठीक होती. "काय झालं?" म्हटलं, तर मान हलवायची. मी जवळ घेऊन बसले. रडण्याचं कारण तिनं सांगितलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

वही चालू राहिली. शुगरच्या आकड्याशेजारी माझ्या नेमाचा दिवस ती रोज लिहायची. शाळेत चाचणी चालू असताना एकदा तिला घाम फुटला, तेव्हा तिनं सगळ्यांदेखत साखरेची पुडी तोंडात रिकामी केली आणि पेपर पुरा सोडवला. त्या डॉक्टरांचे, सिस्टरचे आणि फोनवर नेमाची वाट सुचवणाऱ्या भाऊजींचे उपकार मी मानते. औषध तेच असतं, पण ते घ्यायचं की नाही हे पोरांच्या मनात ठरतं, आणि तिथवर मोठी माणसं फार उशिरा पोचतात.

माझं वर्ष पुरं झालं, त्या दिवशी कल्याणीनं माझ्यासाठी चहा केला, दोन चमचे साखर घालून. मी एक घोट घेतला. इतका गोड लागला, की मला बहीण आठवली. ती नाही, आणि तरीही मला चहा गोड लागतोय. माझे डोळे भरून आले.

कल्याणीनं माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला.

"लागते गोड," ती म्हणाली. "मले बी लागलं होतं."