व्हार्निशचा दांडा

व्हार्निशचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. मी शाळेत असताना दुसरबीडला रस्त्याच्या कडेला कुऱ्हाडीचे दांडे विकणाऱ्यासमोर मी, आई आणि बाबा उभे होतो. घरात कुऱ्हाड आईच चालवायची, म्हणून तिनं एकेक दांडा डोळ्यापुढं धरून लाकडाच्या रेषा सरळ आहेत का ते पाहिलं, हातात तोलला आणि एक बिनरंगाचा, स्वस्तातला दांडा निवडला. विकणारा बाबांकडं बघून हसला, "भाऊ, बाईले काय समजते दांड्यातलं?" बाबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि व्हार्निश मारलेला महागडा दांडा उचलला. आई म्हणाली, "याच्या रेषा तिरक्या हायेत, हा मोडते." "चूप बस, लोक पाहून राह्यले!" चारच दिवसांनी बाभळीवर घाव घालताना तो दांडा मोडला आणि पातं आईच्या नडगीत घुसलं. ती अजून लंगडते, आणि बाबा आल्यागेल्याला सांगतात, "हिले कुऱ्हाड धरताच येत नव्हती." काल पाहुण्यांसमोर त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, दांडा तुम्ही घेतला होता."