नावं संपेपर्यंत बसणारे मामा

सिनेमा संपल्यावर खुर्चीला चिकटून राहण्यात आमच्या हिच्या मामांचा हात धरणारा माणूस डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात अजून जन्माला यायचा आहे. पडद्यावर शेवटची नावं सुरू झाली की लोक चपला शोधू लागतात. मामा तेव्हा चष्मा पुसून सावरून बसतात. दिग्दर्शकापासून चहा देणाऱ्यापर्यंत एकेक नाव पुटपुटत वाचतात. बरोबरच्याने मध्येच उठणं त्यांच्या लेखी पंगतीतून शेजाऱ्याच्या आधी उठण्याइतकं वाईट. एकदा आम्हाला ते वापीला सिनेमाला घेऊन गेले. दिवे लागले, झाडूवाला पायाशी येऊन उभा राहिला, तरी मामा हलेनात. डहाणूची बस अर्थातच गेली आणि आम्ही मिरच्यांच्या पोत्यांवर बसून टेम्पोतून परतलो. "एवढ्या माणसांनी राबून केलेलं काम, त्यांची नावं वाचायला आपल्याला वेळ नाय?" मामांनी विचारलं. ही शिंका आवरण्यात गुंतली होती.

मामांचा जन्म रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेला. खिडकीतून त्यांना माणसांचे फक्त हात दिसायचे, म्हणूनच नावांची एवढी भूक लागली असावी. चारोटी नाक्यावरच्या हॉटेलात मिसळ आवडली तर ते थेट भटारखान्यात शिरून "ही कोणी केली?" असं विचारत. तक्रार आहे समजून एकदा मालक धावत आला, आचारी मागच्या दाराने पसार झाला आणि मामा त्याचं नाव कळेपर्यंत बिल द्यायला तयार होईनात. लग्नाची सीडी असली तरी शेवटी फोटोवाल्याचं नाव येईपर्यंत पाहायची. असा माणूस नातेवाइकांत एक असला की दुसरा लागत नाही.

या मामांच्या घरी एका सिनेमाला देवाचा मान होता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याचं चित्रीकरण आमच्याच भागात झालं होतं. विवळवेढ्याच्या देवीच्या देवळाकडे बायका निघाल्यात असं दृश्य होतं आणि गर्दीला गावातल्या बायका हव्या होत्या. मामी हौसेने गेल्या. पडद्यावर त्या नायिकेच्या शेजारून ओटीचं ताट घेऊन चालत जातात, एवढंच. पण पुढे मामी वारल्या आणि ते चार पावलांचं दृश्य म्हणजे मामांची सगळी पुंजी होऊन बसली. फोटो होते, पण फोटोत सगळ्याच बायका ताठ उभ्या राहतात. चालणाऱ्या मामी फक्त तिथेच होत्या. दर वर्षी त्यांच्या तिथीला, खीर-वड्यांचं जेवण झालं की दुपारी मामा सगळ्यांना बसवून तो सिनेमा लावायचे, शेवटच्या नावापर्यंत.

गेल्या वर्षी त्या सिनेमातली नायिका एका मुलाखतीत बोलली. तेव्हा ती अगदी नवखी होती. त्या चित्रीकरणात दिग्दर्शकाने तिच्याशी काय काय केलं, ते तिने इतक्या वर्षांनी सांगितलं. आणखी दोघी पुढे आल्या. त्याने माफीही मागितली, पण ती अशी की ऐकून राग वाढावा. मामांनी ती मुलाखत मोबाईलवर पाहिली, शेवटपर्यंत.

मी या बाबतीत व्यवहारी माणूस आहे. भेटायला गेलो तेव्हा म्हटलं, "मामा, माणूस वेगळा, सिनेमा वेगळा. त्या कॅमेरावाल्याचा, शिंप्याचा, चहावाल्याचा काय दोष? त्यांची नावं तुम्हीच तर वाचता."

"तीच तर पंचाईत आहे, जावईबापू," मामा म्हणाले. "त्यांच्यासाठी बसावंसं वाटतं. पण ती काय म्हणाली ते ऐकलंत ना? टीव्हीवर तो पिक्चर लागला की ती खोलीतून उठून जाते. तिथे मी कसा बसू?"

 

यंदाच्या तिथीला आम्ही नेहमीसारखे जमलो. जेवणं झाली. शेजारच्या गुजराती बेन दरवर्षीच्या सवयीने उशी घेऊन आल्या. "मामा, आजे पिच्चर नथी?"

"नाय, बेन. तुम्ही तुमच्या घरी बघा, मी कोणाला अडवणार नाय. माझ्याच्याने होत नाय."

बेन उशी कुशीत घेऊन तशाच बसून राहिल्या. बंद टीव्हीसमोर सगळे उगाच बसून होतो. मला फार वाईट वाटलं. त्या दिग्दर्शकाने त्या मुलीचं जे केलं ते केलंच, पण डहाणूतल्या एका म्हाताऱ्याची, मरणाने एकदा नेलेली बायकोही त्याने दुसऱ्यांदा नेली, हे त्याला कधी कळणारसुद्धा नव्हतं.

हिला राहवलं नाही. "मामा, मामीचा तेवढाच तुकडा काढून देते तुमच्या मोबाईलवर. बाकीचं काही नको. तुम्ही एकटेच बघा."

मामांनी मान हलवली. "त्या तुकड्यात दोघी शेजारी शेजारी आहेत गं. माझी बायको मला दिसावी म्हणून त्या पोरीला रोज तिथून चालवू?"

मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "भीती एवढीच वाटते की मी विसरेन. आताच नीट आठवत नाय, पाऊल कसं टाकायची ते."

ही उठली. पदर खोचला, खिरीचं रिकामं ताट दोन्ही हातांत धरलं आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मामींचा एक गुडघा दुखायचा तशी जरा झुलत, घाई असल्यासारखी पण घाई न करता. मी लग्नानंतर मामींना जेवढं पाहिलं होतं, त्यावरून हुबेहूब त्याच.

मामा चष्मा न पुसता बघत राहिले.

"जराशी डावीकडे झुकायची," ते म्हणाले.

ही परत पहिल्या टोकाला गेली, आणि जराशी डावीकडे झुकून चालत आली.